गोठ्यातली रिकामी जागा

माझ्या लग्नाला बाबांची एकच अट होती. आमच्याकडे मुलगी सासरी जाते तेव्हा पितळेचा बाळकृष्ण तिच्याबरोबर जातो, सासर ख्रिश्चन असलं तरीही. आणि माझा होणारा नवरा, तेव्हा नुसताच मित्र, म्हणत होता, "आई नाही म्हणाली तर विषय संपला." अशा दोन हट्टी माणसांना मी नाताळच्या आदल्या दुपारी वाशीला त्याच्या घरी समोरासमोर बसवलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

त्याची आई चहा आणायला आत गेली. हॉलच्या कोपऱ्यात नाताळचा गोठा मांडला होता. गवत, गाई, मेंढ्या, येशूचे आईबाप, आणि मधोमध रिकामी गव्हाण. बाबा हरखलेच.

"बघ, गाई पन हायत! आपल्या देवाला जागा करून ठेवलीय गो!"

मी "अहो बाबा, थांबा" म्हणेपर्यंत खिशातला बाळकृष्ण गव्हाणीत! बाबा डोळे पुसतायत, मला हसू आणि धडकी एकदमच, आणि मित्राने सोफ्याच्या उशीत तोंड खुपसलेलं.

त्याची आई चहा आणि नाताळची गोड कुलकुलं घेऊन आली आणि थबकली. "भाऊ, आमचं बाळ आज रात्री जन्मायचंय. म्हणून ती जागा रिकामी."

बाबा ओशाळले, पण गप्प बसतील तर ते बाबा कसले! "ताई, आमचा नऊदा येऊन गेला, दहाव्यांदा यायचा हाय. काम निघाला का येतो, झाला का जातो. तुमचा?"

"एकदाच. अगदी माणूस होऊन. आपल्यासारखा रडला, दमला, मेला, आणि पुन्हा उठला."

"एकदाच?" बाबा मनापासून हळहळले. "मंग लय काम अंगावर घेतला असंल."

"घेतलं ना," ती म्हणाली. ओठांवर हसू आलंच तिच्या.

मग तिने बाळकृष्ण उचलला. निरखून पाहिला.

"हा तर रांगतोय, हातात लोणी घेऊन! पण भाऊ, गव्हाणीत नको. ती जागा एकाचीच."

बाबांचा चेहरा पडला. तिने बाळकृष्ण त्यांच्या हातावर ठेवला आणि त्यांची मूठ मिटली.

"आज घरी न्या. पोरीबरोबर यायचाय ना तो? तोवर मी शोकेसचा वरचा कप्पा रिकामा करते."

मी आधी कोणाच्या गळ्यात पडले, आठवत नाही. तिला एकदम "आई" म्हणाले, एवढं नक्की.