चिनी गुरूचं बोलणं

मला चिनी भाषेचं अक्षरही येत नव्हतं. तरी तो सिनेमा मी गोंदियाजवळच्या कामठ्यात, आमच्या घरच्या ओसरीवर बसून बायांना सगळा समजावून सांगितला, आणि त्यात काही गैर केलं असं मला आजही वाटत नाही.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मी गोंदियाला कॉलेजात जायची. भावाने नवा सीडी प्लेअर घेतला होता आणि त्याच्यासोबत तलवारबाजीचा एक जुन्या काळातला चिनी सिनेमा. "हिंदी में है, आँख मूँद के ले जाओ," असं दुकानदाराने त्याला सांगितलं होतं. दुपारी शेजारच्या बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला आमच्याकडे जमत. भावाने सीडी लावली आणि पडद्यावरची माणसं चिनीतच भांडायला लागली.

"बंद कर ना बापू, कायले डोकं फिरवतं आमचं?" एकजण म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं. "मी सांगते."

भांडण पाहून मला एवढं कळलं होतं की आखाडे दोन आहेत, एक डोंगरावरचा, एक नदीकाठचा. बाकीचं मी रचलं. डोंगरावरच्या आखाड्यातली पोरगी, नदीकाठचा पोरगा. दोन्ही गुरूंचं पिढीजात वैर. शत्रूच्या चेल्याशी बोलायचंसुद्धा नाही, अशी शपथ. मग ती दोघं नदीत ओळीने बांधलेल्या होड्यांवर लढली. या होडीतून त्या होडीत उड्या मारता मारता पोरीने तलवार त्याच्या गळ्याला लावली आणि तिथेच थांबली. ओसरीवरचे हातही थांबले.

"का म्हणते थो?" एकीने विचारलं.

"म्हणते, मारायचं तं मार. पण आधी सांग, माझा राग काऊन करतं?"

"बरा आहे पोरगा," एका म्हातारीने निकाल दिला.

आमच्या घराला लागून घर असलेली काकी कोपऱ्यात बसली होती. तिची मुलगी माझ्यासोबत शाळेत होती. चार वर्षांआधी तिने सडक अर्जुनी गावच्या, दुसऱ्या जातीच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. काकाने त्या दिवशी सांगून टाकलं होतं, आमच्यासाठी ती मेली. तेव्हापासून काकी मुलीचं नावही काढत नव्हती. रोज यायची, खाली मान घालून बिड्या वळायची, निघून जायची.

सिनेमात पोरीच्या प्रेमाचं बिंग फुटलं. तिची गुरू पांढऱ्या केसांची एक म्हातारी होती. तिने शिष्येची तलवार हिसकून मोडली, फाटकाकडे बोट दाखवलं आणि पाठ फिरवून बोलायला लागली. बोलतच राहिली. एवढं लांब बोलणं मला भरून काढायचं होतं.

मी सुरू केलं, "म्हणते, तू मले तोंड दाखवू नोको. तुले शिकवलं हेच माझं चुकलं. आजपासून तू माझी..."

"तसं नाही म्हणत थे."

काकी बोलली होती. तिची नजर टीव्हीवर होती.

"मग का म्हणते, काकी?"

तिने हातातलं तेंदूपान सुपात ठेवलं. "थे म्हणते, जेवून जा."

पडद्यावरची म्हातारी अजून पाठमोरीच होती. मी म्हटलं, "हो. जेवून जा म्हणते."

पुढे कधीतरी तोच सिनेमा टीव्हीवर हिंदीत लागला. ती गुरू चोरी गेलेल्या कसल्याशा औषधाबद्दल बोलत होती. आमचं बोलणं जास्त खरं होतं.

सिनेमा दोन सीडींवर होता; दुसरी सीडी अर्ध्यात अडकली. पुसून पाहिली, फुंकर मारून पाहिली, पण चित्र हलेना. मग टीव्ही बंद करून उरलेली गोष्ट मी तोंडानेच सांगितली. राजाचे शिपाई मागे लागले, दोघांनी पाठीला पाठ लावून ते परतवले आणि परमुलखात जाऊन स्वतःचा आखाडा काढला. बायांना शेवट पटला.

तीन-चार दिवसांनी काकी सकाळीच आली. "तिचा नंबर तुह्याजवळ आहे न वो?"

होता. आम्ही दोघी चौकातल्या पीसीओवर गेलो. मी नंबर लावला, पलीकडून "हॅलो" आल्यावर रिसीव्हर काकीच्या हाती दिला आणि बाहेर उभी राहिले. काचेतून दिसत होतं, काकी आधी नुसती ऐकत होती. मग तिने पदर तोंडाला लावला. मग एकदम भराभर बोलायला लागली.

"पोरगा झाला तिले," बाहेर येऊन म्हणाली. "दीड वर्साचा आहे. आन मले पत्ताच नाही."

"काकाला सांगणार?"

"विचारणार नाही. सांगणार."

आणि तिने सांगितलं. भिंत एकच असल्यामुळे काकाचा आरडाओरडा आम्ही सगळा ऐकला. काकीचा आवाज एकदाच आला, "घर माझंही आहे."

दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, मुलगी आली, नवरा आणि लेकरू घेऊन. काका दोन दिवस जावयाशी बोलला नाही. नातवाकडे मात्र चोरून पाहायचा. तिसऱ्या दिवशी खळ्यावर धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, माणूस कमी पडला, तेव्हा त्याने दारातूनच जावयाला हाक मारली, "बैल हाकता येते का तुले?"

"येते न जी," जावई म्हणाला आणि चपला घालून त्याच्या मागे गेला.