बरोबरीचा माणूस

म्हाताऱ्याच्या देशात ‘इंजिनिअर’ हा शब्द नावाआधी लागायचा, डॉक्टर लागतो तसा. पदवी हवी, सरकारदरबारी नोंद हवी. उगाच लावणाऱ्याला कोर्टात खेचायचे. त्यानं जन्मभर धरणांचे दरवाजे बांधले आणि भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांकडून ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणवून घेतलं. कुणी नुसत्या नावानं हाक मारली तर ओ द्यायचा नाही. डिग्री नसलेला समोर खुर्चीत बसला तर त्याला खपायचं नाही.

बायको गेली, तेव्हा लेकीनं त्याला परदेशी आपल्या घरी आणलं. ऐन थंडीत तिथला घर ऊबदार ठेवणारा बॉयलर बंद पडला. घर गारठलं, तान्हा नातू खोकायला लागला.

“बाबा, मी औषध घेऊन येते. इंजिनिअर येईल, दार उघडा.”

इंजिनिअर! म्हाताऱ्यानं कोट चढवला, टाय बांधला, चहाचं आधण ठेवलं. किती दिवसांनी बरोबरीच्या माणसाशी चार शब्द बोलायला मिळणार होते.

दारात तेलकट कपड्यातला गडी, हातात हत्यारांची पेटी.

“साहेब कुठंयत?” म्हाताऱ्यानं त्याच्या मागं डोकावून पाहिलं.

“कुठले साहेब?”

“इंजिनिअर.”

“मीच की!” गड्यानं छातीवरचा बिल्ला ठोकला.

“तू? कुठल्या कॉलेजचा?”

“आजोबा, बॉयलर बघू की तुम्हाला मुलाखत देऊ?”

“आमच्याकडे असतास तर आत टाकला असता तुला. तोतया कुठला!”

“मग बसा कुडकुडत!” गडी तणतणत निघून गेला.

लेक परतली. “आला नाही अजून?”

“हाकलला. फिटर होता मेला, इंजिनिअर म्हणवत होता.”

“बाबा, इथं त्यालाच इंजिनिअर म्हणतात! पोराचे हात बघा, बर्फ झालेत.” तिचा आवाज चढला. “आता तुम्हीच उघडा तो डबा. इंजिनिअर आहात ना?”

त्यानं झाकण काढलं. आत नळ्या, तारा, कसली कसली बटणं. आयुष्यात असलं काही बघितलं नव्हतं. मागं नातू खोकला. म्हाताऱ्यानं झाकण बसवलं आणि बॉयलरच्या कंपनीला फोन लावला.

“मेकॅनिक पाठवा.”

“मेकॅनिक नाहीत हो आमच्याकडे,” पलीकडची बाई म्हणाली. “इंजिनिअर आहेत.”

“तेच ते.”

“तेच म्हणजे?”

नातू पुन्हा खोकला.

“इंजिनिअर पाठवा!” म्हातारा ओरडला.

“नाव?”

“इंजिनिअर...” सवयीनं तोंडून निघून गेलं.

“अहो, आमच्या माणसाचं नव्हे. तुमचं!”

लेक बघत होती. म्हाताऱ्यानं गळ्यातला टाय हिसडा देऊन ओढला आणि नुसतं नाव सांगितलं, शिवी हासडावी तसं.