हेमंतरावांची वायर

आमच्या डोक्यावर राहणारे हेमंतराव मानकर बसत नाहीत. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, आणि फोन आला की हॉलभर फेऱ्या. तुलसी नगरातली ही सरकारी क्वार्टर्स जुनी. वरच्या माणसाची चप्पल खाली स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे हेमंतराव कोणत्या खोलीत आहेत ते मला भाजी चिरता चिरता कळतं. त्यांची बायको शोभा होती तेव्हा ती ओरडायची, "अहो, टेका जरा कुठे तरी," आणि ते घटकाभर टेकायचे. दोन दिवाळ्यांमागे शोभा गेली. तेव्हापासून ती चप्पल थांबलेली मी ऐकली नव्हती.

माणूस चांगला, पण नियमाचा इतका पक्का की डोकं फिरावं. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी दफ्तराबरोबर भोपाळला आले. हेमंतराव लागले ते सरकारी क्वार्टर्स सांभाळणाऱ्या ऑफिसातच. कोणी भिंत फोडली, कोणी बाल्कनी बंद केली, की त्याला नोटीस काढायची हे त्यांचं काम. मी स्वयंपाकघरात फळी लावली तर खाली येऊन मोजून गेले होते! त्यांनी स्वतः घरात एक खिळा ठोकला नाही. कॅलेंडर आधीच्या भाडेकरूच्या खिळ्यावर, आणि शोभाचा हार घातलेला फोटो फ्रिजवर टेकवलेला. नेटचा राउटर त्या फोटोच्या शेजारी.

मुलगी एकच, मृणाल. पुण्याच्या कंपनीत नोकरी. आईच्या आजारपणात घरून काम करायला म्हणून आली आणि राहिली. तिच्या मीटिंगा संध्याकाळच्या, परदेशातल्या लोकांशी. त्यात हिचा आवाज तुटायचा, चेहरा गोठायचा. गेल्या उन्हाळ्यात तिच्या साहेबानं सांगितलं की महिनाभरात लाइन सुधारली नाही तर पुण्याला येऊन ऑफिसात बसावं लागेल. मृणालनं हे बाबांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. हेमंतरावांचा कप हातातच राहिला. मग म्हणाले, "लाइनच ना? लाइन मी करून देतो." जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं, ते काही त्यांना जमलं नाही. मला राग आला, पण दुसऱ्याच्या घरात मी काय बोलणार?

झालं, दुसऱ्या दिवसापासून हेमंतरावांच्या अंगात आलं. हॉलमध्ये वायफाय छान चाले. मृणालच्या खोलीत मात्र मधल्या भिंतीला लागून शोभाचं लोखंडी कपाट उभं, तिच्या साड्यांनी गच्च भरलेलं. भिंत जाड, त्यावर ते कपाट, मग पलीकडे सिग्नल येणार कुठून? कपाट हलवा म्हटलं तर हेमंतराव ऐकेनात. ते शोभानं ठेवलं तिथेच राहणार. मग ठरलं की फोन आणि टॅब वायफायवर, आणि मृणालचा लॅपटॉप, प्रिंटर, शिवाय स्वतः पत्ते खेळायचा तो जुना कॉम्प्युटर, हे सगळं वायरवर. अशोका गार्डनच्या बाजारातून लॅन केबलचं अख्खं बंडल आणलं. "अंकल, सायबर कॅफे खोल रहे हो क्या?" असं दुकानदारानं विचारलं, तेही त्यांनी मला कौतुकानं सांगितलं.

वायरीच्या टोकाला प्लास्टिकचं कनेक्टर बसवायचं असतं, त्यात आठ बारीक रंगीत तारा ठरलेल्या क्रमानं घालायच्या. त्यासाठी खास पकड येते, ती घेतली. मोबाइलवर व्हिडिओ बघत, चष्मा कपाळावर, पुटपुटत चालले आहेत: पांढरी नारिंगी, नारिंगी, पांढरी हिरवी, निळी. सगळं उभ्यानं. माझ्या दारातसुद्धा एकदा ती तारांची शेंडी घेऊन आले, की बघा प्रमिलाताई, सरळ आहेत ना. मी वरणाचा डाव हातात घेऊन त्यांच्या तारा तपासल्या.

आता वायर हॉलमधून खोलीत न्यायची कशी? सरळ भिंतीतून. पण भिंत सरकारी. मी म्हटलं, एक बोटभर भोक पाडा, कोण बघतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिजोरी फोडायला सांगितली. मग वायर भिंतीच्या कडेकडेनं दारापर्यंत नेली. दाराला उंबरठा आहे, खालून फट नाही, म्हणून बिजागरीच्या बाजूनं, दार आणि चौकट यांच्यामधून आत घेतली. पहिल्या दिवशी लाइन एकदम झकास! हेमंतरावांनी बिल्डिंगभर पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडगाणं सुरू. संध्याकाळ झाली, मृणाल दार लावून मीटिंगला बसली, की लाइन जाणार. मी खालून सगळं ऐके. चप्पल हॉलमध्ये, चप्पल दाराशी. दार करकरलं. जरा शांतता. दार लागलं. चप्पल परत. आणि पाठोपाठ मृणालची हाक, "बाबा, फिर गया." मग धावपळ. हेमंतराव टोक कापायचे, नवीन कनेक्टर बसवायचे, राउटर बंद-चालू करायचे. प्रिंटर काढून पाहिला, जुना कॉम्प्युटर काढून पाहिला. जेवण नाही, झोप नाही. मला जिन्यात भेटले तर डोळे लाल. "काय होऊन राहिलं तेच समजत नाही," म्हणाले, आणि पायरीवर उभ्या उभ्याच परत मागे वळले.

दोन दिवसांनी मृणाल माझ्याकडे विरजण मागायला आली. वाटी घेतली आणि जाईना. मग हळूच म्हणाली, "काकू, वायर बाबांमुळे जाते. मी आत बसले की ते सारखे दार उघडून बघतात, सिग्नल आहे ना म्हणून. दरवेळी दार लागतं आणि वायर चेपते. आतून तुटलीय ती."

मी म्हटलं, अगं, मग सांग त्यांना.

"नाही सांगणार. आई गेल्यापासून ते असेच फिरतात. एका जागी बसले की रडतात, मी पाहिलंय. निदान या वायरीत त्यांचं मन आहे. साहेबांना मी सांगितलंय, प्रॉब्लेम माझ्याच लॅपटॉपचा आहे. तुम्ही प्लीज काही बोलू नका."

मी बोलणार नव्हते, खरंच नव्हते. पण त्याच आठवड्यात साहेबाचा निरोप आला की सोमवारीही लाइन गेली तर पुणे. तशात हेमंतराव नवीन बंडल खांद्याला लावून जिना चढताना दिसले आणि माझं डोकं सटकलं. मी भर जिन्यात सांगून टाकलं. म्हटलं, दोष वायरीचा नाही, तुम्ही दारात डोकावता म्हणून ती चेपते. मुलीला धरून ठेवायला निघालात आणि तुम्हीच तिला पुण्याला पाठवताय.

ते बंडल सावरत वर गेले. बराच वेळ चप्पल वाजली नाही, आणि मला माझ्या जिभेची भीती वाटली. मग खाली आले आणि माझ्या मुलाचं ड्रिल मशीन मागितलं. मी काही न विचारता दिलं. मागोमाग वर गेले, कारण मला राहवेना.

हॉलमध्ये फ्रिजच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर त्यांनी पेन्सिलनं फुली मारली होती. आत मृणाल आणि मी त्यांच्याच सांगण्यावरून कपाट पुढे ओढलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते जागचं हललं. आम्ही परत हॉलमध्ये आलो. हेमंतरावांनी मशीन भिंतीला लावलं आणि थांबले. आयुष्यभर ज्या भोकांना नोटिसा काढल्या, तेच भोक. मग न वळता, भिंतीकडे बघतच म्हणाले, "मृणाल, तू जाऊ नयेस म्हणून करून राहिलो मी हे सगळं."

मृणालनं पदर नसताना पदरानं पुसावं तसे बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "थांबा बाबा. कपाटावर चादर टाकते, आईच्या साड्यांवर धूळ जाईल."

चादर टाकली. मशीन लागलं. लाल विटेचा भुगा फ्रिजवर, फोटोवर, हेमंतरावांच्या भुवयांवर. वायर आरपार गेली.

सोमवारी संध्याकाळी मी कान वर लावून बसले होते. मृणालचं दार लागल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. चप्पल नाही, करकर नाही. मला बरं वाटायच्या ऐवजी धसका बसला, आणि कणकेचे हात तसेच घेऊन मी वर धावले. त्यांचं बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं.

हेमंतराव बसले होते. फ्रिजशेजारी स्वयंपाकघरातलं स्टूल टाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीकडे कान करून. वायरीभोवती थोडी फट राहिली होती आणि तिच्यातून मृणालचं इंग्रजी बारीक ऐकू येत होतं. मध्येच ती हसली, तर हेही हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण उठले नाहीत. पुट्टीची पुडी न फोडलेली बाजूला पडली होती. ऑफिसच्या नियमानं भोक बुजवायला हवं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मी पुडीकडे बोट दाखवलं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "उद्या भरतो."

पुण्याचं नाव अजून तरी कोणी काढलेलं नाही. पावसाळा गेला, थंडी आली. संध्याकाळ झाली की वरची चप्पल फ्रिजपर्यंत जाते आणि थांबते. पुट्टी ते उद्या भरणार आहेत.