भरलेला कप

नांदेडहून आमचा गट दर रविवारी कंधारकडच्या माळावर जातो. तोंडातून अक्षर न काढता चालायचं, मग लिंबाखाली गोल बसून ककाओ प्यायचा. कोकोच्या बियांचा, बिनसाखरेचा, काढ्यासारखा कडू. गट चालवणाऱ्या ताई एकेकाला विचारतात, "आज आत कसं वाटतंय?" उत्तर दिल्यावरच कप तोंडाला लावायचा, असा नियम.

त्या गोलात एक रिटायर झालेले काका असतात. उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. लोक मन मोकळं करतात, रडतात. काका दरवेळी घसा खाकरून एवढंच म्हणतात, "बरं हाय." मग ककाओ चहासारखा फुर्र करून ओढतात. हे येतात तरी कशाला, असं मला वाटायचं.

परवा नवी माणसं बरीच होती. ताईंच्या नजरेतून काका सुटले. सगळे प्यायले, उठले. परतताना जीपमध्ये काका माझ्या शेजारी. कप तसाच भरलेला, हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांत धरलेला.

"काका, प्यायला नाहीत?" मी म्हणालो.

"मला कुणी इचारलंच न्हाई की."

"मग मी विचारतो. कसं वाटतंय?"

त्यांनी घसा खाकरला.

"बरं न्हाई," म्हणाले, आणि गार झालेला ककाओ पिऊन टाकला.