गहूभर पुढं, तांदूळभर मागं

तांदूळ निवडता निवडता माझा डोळा लागतो. शनिवारची दुपार आहे, मांडीवर ताट आहे आणि ताटात आजऱ्याचा घनसाळ. आमच्यात दुसरा तांदूळ शिजतच नाही. सासूबाई आजऱ्याच्या, त्या गेल्या तरी त्यांचा हुकूम अजून चालतो. बुटका, वासाचा दाणा. त्यातले खडे दिसेनासे झाले की समजायचं, डोळे मिटायला लागले. मिटू देत. आठवडाभर शाळेत घसा फोडून आलेय, वर ही माहिती भरा न् ती माहिती भरा. अंगात जीव म्हणून नाही.

आणि उद्या फेरी.

फेरी म्हणजे पेठांची फेरी. महिन्यातनं एका रविवारी शाळेतल्या पोरांना घेऊन मी आणि चित्रकलेचे सरनोबत सर कोल्हापूर दाखवायला निघायचो. पुढं सर, मागं मी, मध्ये म्हशीचा लांबलचक कासरा आणि कासऱ्याला धरलेली पोरं. सर डोकं, मी शेपूट. बोलायचं काम सरांचं. माझ्याकडं सुटलेल्या नाड्या, पाण्याच्या बाटल्या आणि 'बाई, शू'. वर्षानुवर्षं असंच चाललं. यंदा गणपती झाले आणि सर गेले. रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. सरांच्या घरनं वहिनींनी कासरा माझ्याकडं पाठवून दिला. तो कपाटावर टाकलाय आणि तिकडं बघायचं मी टाळते.

पालकांचे फोन येतात, बाई, उद्या फेरी हाय का? संध्याकाळी कळवते म्हटलंय. खरं सांगायचं तर नाहीच म्हणणार आहे, उद्याही आणि पुढंही. बिंदू चौक मला सांगता येईल. खासबागेचं कुस्तीचं मैदान सांगता येईल. तीन रस्ते मिळतात ती तिकटी, गावाचा दरवाजा ती वेस, दरवाजा पडला तरी नाव राहिलं, हे सगळं मला पाठ आहे. अडतंय ते शेवटी, रंकाळ्यावर.

रंकाळ्याच्या काठाला नंदी आहे. जुनी माणसं सांगतात, तो रोज गहूभर पुढं सरकतो आणि तांदूळभर मागं येतो. असा सरकत सरकत ज्या दिवशी तळ्याच्या पाण्याला टेकेल, त्या दिवशी जग बुडणार. हे ऐकलं की पोरं गपगार होतात. मग कोणतरी रडकुंडीला येऊन विचारतंच, "सर, मग आपण बुडणार?" सर एकेकाला जवळ घ्यायचे, कानात काहीतरी सांगायचे. पोरगं खुदकन हसायचं, पळत नंदीच्या मागं जायचं, वाकून नमस्कार करून यायचं. कुणाला सांगायचं नाही म्हणून सर शपथ घालायचे, आणि खरंच कुणी कधी सांगितलं नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला उद्धव शेटे फेरीतलाच जुना पोरगा. आता त्याला मिशा आल्या, मुलगी झाली. परवा त्याला विचारलं तर म्हणतो, "शपथ हाय, बाई." घ्या! साऱ्या गावाच्या पोरांना ठाऊक आणि मला मेलीला तेवढं माहीत नाही. मी आपली मागं बाटल्या गोळा करत उभी.

उद्या पोरं विचारतील तेव्हा काय सांगू? भिववून घरी पाठवू? त्यापेक्षा फेरी नको न् काही नको.

"काय बाई, दमलासा व्हय?"

सर दारात उभे आहेत. तोच पांढरा शर्ट, खिशाला निळ्या रंगाचा डाग. सर गेलेत हे मला पक्कं माहीत आहे, आणि तरी ते दारात आहेत याचं काही नवल वाटत नाही. राग मात्र येतो.

"दमू नको तर काय करू? तुम्ही बरे निघून गेलासा."

"चला की. कासरा धरा."

"मी येणार नाही. माझे गुडघे दुखतात."

"तिकटीपर्यंत तर या," म्हणतात आणि चालायलाच लागतात. माझ्या हातात कासऱ्याचं शेपूट आहे. कपाटावरनं कधी काढलं ते कळत नाही. मधल्या जागेत एकही पोर नाही, कासरा नुसताच हवेत झुलतोय.

जिना उतरते ती थेट कपिलतीर्थाच्या मंडईत. मंडईत पाणी आहे. भाजीवाल्या कमरेएवढ्या पाण्यात निवांत बसल्यात, वांगी तरंगतायत, कोथिंबिरीच्या पेंढ्या हळूहळू वाहत एकीकडनं दुसरीकडं जातायत. कुणाला त्याचं काही नाही.

"हे पाणी कुठनं आलं हो?"

"आलं कुठनं? हितंच होतं. तळं होतं ते बुजवून मंडई केली. पाणी आपल्या घरला आलंय, दुसरं काय?"

"हे तुम्ही पोरांना सांगायचासा. मला माहीत आहे."

"मग तुम्ही सांगा की आता." आणि एका वाहत्या पेंढीला हात घालून भाजीवालीला म्हणतात, "मावशी, हिची पानं पिवळी पडल्यात. जरा कमी लावा."

"मेलासा तरी घासाघीस सुटत नाही तुमची," मी म्हणते. सर हसतात. तेच ओळखीचं हसणं.

कोपरा वळतो तो गांधी मैदान, आणि तेही तुडुंब. हे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं, सर हातानं दाखवतात. पुढं स्टेडियम. तिथं रावणेश्वराचं तळं होतं, ते परत आलंय, आणि पाण्यावर फुटबॉलची मॅच चाललीय. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ. पोरं पोहत पोहत बॉल मारतायत. गॅलरीतनं शिट्ट्या, शिव्या, हलगी.

"पाण्यात बुडाल्या तरी पेठा काय भांडायच्या राहत नाहीत," मी म्हणते.

"राहिल्या तर पेठा कशाच्या?"

माझे पाय आता उचलत नाहीत. साडीचा काठ भिजून जड झालाय. मी कासरा ओढून धरते. "सर, थांबा. मला खरंच होत नाही. तुम्ही पुढं होतासा तेव्हा मागनं चालणं सोपं होतं. आता एकटीनं डोकं पण मीच न् शेपूट पण मीच? मला तुमची फार आठवण येते हो. शाळेत चित्रकलेच्या खोलीवरनं जाताना मी मान फिरवून घेते."

सर थांबतात. माझ्याकडं बघत नाहीत.

"मी पण लई दमायचो, बाई. पुढं चालणाऱ्याला मध्येच बसता येत न्हाई, एवढंच. चला, दूध पिऊ."

गंगावेशीत धारोष्ण दूध मिळतं त्या कट्ट्यावर आम्ही टेकतो. म्हैस उभी आहे, पेला फेसानं भरलाय, सरांच्या मिशीला फेस लागतो. मी पुसायला सांगणार, तोवर दिसतं की मी बसलेय तो कट्टा नाही, माझ्याच वर्गातला बाक आहे. म्हैस फळ्यासमोर रवंथ करतेय. खिडकीच्या खाली लगेच रंकाळा सुरू होतो, आणि त्यात संध्यामठाचे खांब पाण्याबाहेर मान काढून उभे आहेत. पूर्वी रंकाळा म्हणजे दगडाची खाण होती, देवीच्या देवळाला इथनंच दगड नेला म्हणतात. सर नेहमी हे सांगायचे. आज मीच मोठ्यानं सांगते, रिकाम्या बाकांना. माझा आवाज मला चांगला वाटतो.

मग बघते तर फळ्यासमोर म्हैस नाही, नंदी आहे.

त्याची मान खिडकीकडं आहे. खिडकीतनं पाणी आत येतंय, फरशीवरनं सरकत सरकत त्याच्या खुराकडं निघालंय. मध्ये चार बोटांचीसुद्धा जागा नाही.

"सर! टेकायला आलाय तो!"

"आलाय खरा."

"अहो, असं काय बोलताय? पोरांना काय सांगू मी? उद्या विचारतील ती मला. सांगा की काय ते! सगळ्यांना सांगितलंसा, मलाच तेवढं नाही."

"तुम्ही कधी विचारलासाच न्हाई."

खरंच की. मी कधी विचारलंच नव्हतं. सर माझ्या हातातलं शेपूट काढून घेतात आणि कासऱ्याचं दुसरं टोक, त्यांचं टोक, माझ्या मुठीत देतात. त्यांच्या घामानं ते काळं, मऊ झालेलं आहे.

"हिकडं या. कान करा."

मी दुसरीतल्या पोरीसारखी कान करते. पानाचा आणि रंगाच्या डबीचा वास येतो. सर सांगतात. मी सगळं ऐकते, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि खुदकन हसते.

माझ्याच हसण्यानं मला जाग येते.

ताट मांडीवरनं घसरलंय, घनसाळ फरशीभर सांडलाय. कपाटावर कासरा आहे तिथंच आहे. हसू अजून ओठावर आहे आणि सरांनी सांगितलेलं मात्र पार पुसून गेलंय. अगं बाई, गेलंच की! मी डोळे मिटून बघते, पडून बघते, काही येत नाही. असा संताप होतो म्हणून सांगू. इतकं चालवलं, इतकं दमवलं, आणि हाताला काय लागलं?

उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते. तळहाताला एक दाणा चिकटलाय.

घनसाळ नाही. लांब, सडपातळ, टोकदार. बासमती. आमच्या घरात बासमती कधी आला नाही, अगदी पाहुण्यांसाठीसुद्धा नाही.

मी त्या दाण्याकडं बघत बसते, आणि मला फेरीतली मनवा आठवते. मागच्या फेरीला, सरांच्या शेवटच्या फेरीला, ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, "सर, तांदूळ कुठला पण? आमच्यात बासमती असतोय, त्यो लई लांब असतोय." सगळी पोरं हसली होती. सर हसले नव्हते. तिला त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ कानात सांगितलं होतं.

मी उठते. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. दळणाच्या डब्यातनं एक गहू काढते आणि फरशीवर दोन्ही दाणे शेजारी शेजारी ठेवते. तांदूळ लांब भरतो. चांगला लांब भरतो. गहूभर पुढं गेलेला नंदी हा एवढा मागं आला, तर तो पाण्याला कधीच टेकायचा नाही. उलट दररोज थोडा लांबच जाईल.

म्हणजे पोरं नंदीच्या मागं वाकत होती ती नमस्काराला नाही. दाणा ठेवायला. महिन्याच्या महिन्याला सर खिशातनं एकेकाच्या मुठीत बासमती देत होते, पोरं जग वाचवून येत होती, आणि मी मागनं ओरडत होते, चला रे, आवरा, उशीर होतोय.

मला हसू येतं आणि मग रडू येतं, दोन्ही एकदमच. सांडलेला घनसाळ तसाच ठेवते. स्टूल घेऊन कासरा खाली काढते, झटकते, आणि दाराजवळच्या खुंटीला लावते. मग पिशवी घेऊन कोपऱ्यावर जाते.

"उद्धव, बासमती दे रे थोडा. लांबातला लांब दे."

आमच्यात काय शिजतं ते त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याचा हात पोत्यातच थांबतो. तो माझ्याकडं बघतो, मग दुकानात दुसरं कुणी नाही ना ते बघतो, आणि काउंटरवरनं पुढं वाकून अगदी हळू आवाजात विचारतो,

"नंदीला व्हय, बाई?"