मिठागरवाल्याच्या दारात ढग

माझं काम कुणाला समजावून सांगण्याच्या फंदात मी पडत नाही. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात पुलाजवळ आमचं घर, तिथे माडीवर बसून मी क्लाउडचं काम करते. म्हणजे कंपन्यांची मोठमोठी कॉम्प्युटरं कुठेतरी लांब एका जागी ठेवलेली असतात, ती उभारायचं आणि सांभाळायचं सॉफ्टवेअर. ते ओपन सोर्स आहे, कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं, फुकट वापरावं. एवढं सांगेपर्यंत समोरचा जांभई देतो.

लग्नाच्या वेळी मात्र सांगणं भाग पडलं. मुलगा पेणजवळच्या खाडीकाठचा. आमचं दोघांचं ठरलेलं होतं, पण वडिलांच्या शब्दाबाहेर जाणाऱ्यांतला तो नव्हे. ते नको म्हणाले असते तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि ही धास्ती घेऊनच मी त्यांच्या पडवीत बसले होते. वडील मिठागरवाले. मिठाचा ऐन हंगाम, बाहेर रखरखीत ऊन, आणि ते त्या उन्हावर खूश.

"पोरगी काय करते?" त्यांनी विचारलं.

माझ्या काकांना कुठेही पुढे पुढे करायची भारी हौस. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "ढगांचं काम करते. ढग उभे करते, सांभाळते, साऱ्या जगाला पुरवते."

झालं! एक सर आली की आगरातल्या मिठाचं पाणी होतं, हे पेणपासून रोह्यापर्यंत शेंबड्या पोराला ठाऊक. आणि हे गृहस्थ मिठागरवाल्याच्या दारात बसून ढग पुरवताहेत.

वडिलांचा चेहरा उतरला. "पुरवते? त्याचं काय घेते?"

"छे छे, अगदी फुकट," काका अभिमानानं म्हणाले.

काकांचा गळा धरावासा वाटला. मुलगा खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे निवडत होता. त्याचा तर मला जास्तच राग आला.

शेवटी मीच त्याच्या वडिलांशी बोलले. माझं आजोळ खारेपाटातलं, खाडीच्या खाऱ्या जमिनीतलं, म्हणून सुचलं. "मामा, ते आभाळातले ढग नव्हेत, नुसतं नाव आहे. आमचं काम तुमच्या खाडीच्या बांधासारखं. बांध फुटला की ज्याला दिसेल तो चिखल घेऊन धावतो, आणि बांध सगळ्यांचाच राहतो. आमचंही तसंच. मला पगार कंपनी देते, ते वेगळं."

त्यांनी माझ्या हातांकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "तू सोता उतरतेस, का काठावर हुबी राहून सांगतेस?"

"उतरते."

"आनि असे उतरणारे किती हायत?"

"हजारो असतील. जगभरचे."

आता ते खरोखरच घाबरले. त्यांच्या गावात रीत अशी, की बांधाला जो जो उतरला त्याला घरच्या लग्नात जेवायला बोलवायचंच. एकाला जरी विसरलं तरी वर्षभर टोमणे.

"नाय गो बाय," त्यांनी मान हलवली, "एवढी पानं नाय उठायची माज्याच्यानं. त्यांना नुसत्या अक्षता धाडू."

अक्षता धाडायच्या म्हणजे लग्न ठरलं, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत त्याची आई साखर आणायला आत गेली होती, आणि मी सगळ्यांच्या देखत रडत होते.