ताकात भिजवलेला पदर

आंबट ताकाचा वास आला की महायुद्धाच्या वर्षांतली बोरगावच्या शिवारातली ती दुपार आठवते. तंबाखू कापण्याच्या नादात बाभळीची सावली कधी सरकली ते मला कळलेच नाही, आणि चार महिन्यांचे माझे बाळ उन्हात लालबुंद होऊन पडले होते. रडतही नव्हते. सासूबाईंनी न्याहारीच्या ताकात पदर भिजवून त्याच्या अंगावर टाकला; तो सुकला की त्या पुन्हा भिजवायच्या. "आत्या, ह्यो डोळं उघडंना!" मी किंचाळले. "छातीला लाव त्येला!" सासूबाई ओरडल्या. मी त्याच्या ओठांवर दूध पिळत राहिले. कितीतरी वेळाने त्याने घोट घेतला, तशा सासूबाई म्हणाल्या, "लेकराकडं मी बघतो म्हणलं हुतं गं, माझंच चुकलं." त्या गेल्या, मुलगा मोठा झाला, पण त्यांचे हे बोल घरात मी अजून कुणाला सांगितलेले नाहीत.